'जेंट' हे नाव आवाजाचे की संगीताचे?

नागपुरात हेडफोन लावून आठ तारांची गिटार घोटणाऱ्या पोरांना जेंट, म्हणजे हेवी मेटलमधली ती तुटक, खर्जातली गिटार, कसे ऐकू येते हे सांगायला नको. घोळ आहे तो शब्दाचा. तळहाताची कड तारांवर दाबून, डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावून खर्जाची तार छेडली की जो आखूड, धातूचा आवाज निघतो, त्याची ही नक्कल. मराठीत धनुष्याच्या दोरीला टणत्कार आहे, तबल्याला तिरकिट आहे, तसेच. पण तिरकिटाला कोणी घराणे म्हणत नाही. जेंटला मात्र लोक घराणेच म्हणू लागले.

शब्दाचा माग स्वीडनमधल्या उमेओच्या, १९८७ साली सुरू झालेल्या एका बँडपर्यंत जातो. त्यांचा गिटारवादक एका चाहत्याला आपल्या मनातला टोन समजावत होता, तोही दारूच्या अमलात, आणि चाहत्याने भलतेच ऐकले, असे त्याच बँडचा दुसरा गिटारवादक सांगतो. म्हणजे नावाचा उगम गैरसमजात. माझ्या मते या मंडळींचे खरे काम टोनचे नाहीच, लयीचे आहे. झांज चार मात्रांवर सरळ चालते आणि गिटारचे आवर्तन समजा २३ सोळांशांचे (पाव मात्रांचे) असते. दोघे एकमेकांपासून सरकत जातात, आणि शेवटी गिटारचे आवर्तन मध्येच छाटून सम गाठली जाते. तिहाईच्या हिशोबाची सवय असलेल्या कानाला ही छाटणी उद्धट वाटते.

या बँडच्या २००२ च्या अल्बमला आठ तारांच्या गिटार वापरता आल्या नाहीत, म्हणून सात तारांच्याच आणखी खालच्या सुरात उतरवून वाजवल्या. त्याच अल्बमच्या गिटार २००६ मध्ये नव्याने रेकॉर्ड केल्या. मधल्या २००५ च्या अल्बमचे ड्रम संगणकावर रचलेले. पुढच्या पिढीला वाट मिळाली ती इथे. अमेरिकेतला एक तरुण घरी केलेली रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकत राहिला, त्याच्या बँडचा पहिला अल्बम २०१० मध्ये आला आणि शब्द जगभर झाला. अँप नको, ड्रमकिट नको. मे महिन्यात कूलर बंद करून खोलीत रेकॉर्डिंग करणाऱ्या नागपूरकराला यापेक्षा सोयीचे काय? (कूलर चालू ठेवला की माइकवर गाणे घेता येत नाही, गिटार मात्र थेट लॅपटॉपला.) दिल्लीच्या अशाच एका घरगुती प्रकल्पाचा अल्बम २०१२ मध्ये निघाला, त्यातली बहुतेक गाणी एका ब्रिटिश गायकाने गायली.

२०२३ मध्ये त्याच अमेरिकन बँडने आपल्या अल्बमच्या नावातच जाहीर केले, की जेंट हा संगीतप्रकार नाही. आमच्याकडे कुणाला 'काय वाजवतो बे?' विचारले, तर उत्तर अजून 'जेंट' असेच येते.