फोड आणि चट्टा: एकाच जातकुळीच्या परजीवीसाठी दोन वेगळी औषधं का लागतात

लिश्मानिया या एकपेशीय परजीवीमुळे आपल्याकडे त्वचेचे दोन आजार होतात आणि बातम्यांत दोघांची सर्रास गल्लत होते.

पहिला राजस्थानातला, विशेषतः बिकानेरकडचा फोड. परजीवी वाहणारी वाळूमाशी चावते (विदर्भात चांदीपुरा विषाणू पसरवणाऱ्या माशीच्या कुळातली), तिथे गाठ येते, ती फुटून जखम होते. दुसरा पीकेडीएल (पोस्ट काला-आझार डर्मल लिश्मानियासिस), म्हणजे काळा आजार (लिश्मानियामुळेच होणारा, ताप आणणारा आणि प्लीहेसारख्या पोटातल्या अवयवांना ग्रासणारा रोग) बरा झाल्यावर, बहुधा दोन-तीन वर्षांनी, चेहऱ्यावर आणि अंगावर उमटणारे फिकट चट्टे. हा बिहार-बंगालकडचा. 1922 साली उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी त्याचं वर्णन केलं. कुष्ठरोगाचा संशय हमखास येतो, पण हे चट्टे बधिर नसतात.

नवं औषध शोधणाऱ्याची खरी पंचाईत फोडात आहे. तो बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप भरतो, व्रण तेवढा राहतो. मग गुण औषधाचा की काळाचा? ट्युनिशियात पॅरोमोमायसिन मलमाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2013 मध्ये आले. रोज एकदा, 20 दिवस मलम. औषधी मलम लावलेल्यांपैकी सुमारे 82 टक्के बरे झाले; नुसतं, औषधाविना मलम लावलेले 58 टक्के! तुलनेचा गट नसता तर त्या साध्या मलमाचाही उदोउदो झाला असता. म्हणून ‘अमुक लेपाने इतके फोड बरे झाले’ अशी बातमी दिसली की मी आधी तुलनेचा गट शोधतो.

पीकेडीएलला वरून मलम लावून भागत नाही. चट्टे अंगभर असू शकतात. इथे पोटातून घ्यायचं, त्वचेपर्यंत पुरेसं पोहोचणारं औषध हवं. शिवाय रुग्णाला ना ताप ना अशक्तपणा, त्यामुळे महिनोन्‌महिने गोळ्या घ्यायला तो राजी होत नाही. मात्र त्याला चावलेली वाळूमाशी काळा आजार पुढे नेऊ शकते. मूळचं कर्करोगासाठी तपासलेलं मिल्टेफोसिन भारतात यासाठी 12 आठवडे देतात; उलट्या होतात, डोळ्यांना इजा होऊ शकते, गरोदरपणात तर ते वर्ज्यच. अंगात ताप नसलेल्या माणसाच्या बाबतीत हा सौदा जरा महागच म्हणायचा. फोडाला निदान उंदराच्या शेपटीच्या मुळाशी परजीवी टोचून औषध आजमावता येतं. पीकेडीएलसाठी तसा धड प्राणी-नमुनाही नाही.

नव्या रेणूंमध्ये एलएक्सई408 लक्षवेधी आहे. परजीवीच्या पेशीत नको झालेली प्रथिनं तोडणारं प्रोटिअसोम तो बंद पाडतो. त्याच्या रुग्णांवरच्या चाचण्या भारत आणि इथिओपियात हाती घेतल्या गेल्या, त्या पोटातल्या काळ्या आजारासाठी. प्लीहेतला परजीवी मेला म्हणून त्वचेतलाही मेला असं धरता येत नाही. चट्ट्यांसाठी मात्रा आणि मुदत वेगळी ठरवावी लागेल.