फ्रेडरिक्सबर्गची सहल: खडक सकाळी, गाव दुपारी

टेक्सासमधल्या ऑस्टिनहून आमच्या गाडीने फ्रेडरिक्सबर्गला जाणारी मंडळी हमखास विचारतात, "शनिवारी आरामात निघू, आधी गाव बघू, जेवू, आणि मग एंचांटेड रॉकचा खडक चढला तर चालेल ना?" चालत नाही. का, ते इथे सविस्तर लिहितो, म्हणजे बुकिंगच्या वेळीच ठरून जाईल.

एंचांटेड रॉक हे टेक्सास राज्याचं उद्यान आहे आणि आत किती माणसं-गाड्या सोडायच्या याला मर्यादा आहे. वसंतातले शनिवार-रविवार आणि सुट्टीचे दिवस म्हटले की ती मर्यादा लवकर गाठली जाते आणि फाटक बंद होतं. गावापासून खडक साधारण 18 मैलांवर. जायचं, परतायचं, जागा झाली का बघायला पुन्हा जायचं, यात अख्खी दुपार सरते आणि बरोबरचे आई-बाबा गाडीत बसूनच दमतात. दिवसाचा पास महिनाभर आधीपासून ऑनलाइन काढता येतो. तो असला की आत जागा नक्की. फाटकाशी पोचल्यावर फोनवर काढू म्हणाल, तर तिथे नेटवर्कचा भरवसा नाही. पास आम्हीच काढून ठेवतो, पण त्यासाठी माणसांचा आकडा आधी पक्का लागतो. आदल्या रात्री "मामा-मामीही येताहेत" असा फोन आला की आमचाही नाइलाज होतो.

दुसरं कारण ऊन. गुलाबी ग्रॅनाइटचा हा घुमट सुमारे एक अब्ज वर्षांचा, आजूबाजूच्या जमिनीपासून 425 फूट उंच. वर सावली नाही, पायऱ्या नाहीत, कठडा नाही. सिंहगड नेमाने चढणाऱ्या बाबांनीही इथल्या उघड्या उतारावर पाय जपून टाकावा. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत आणि पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी. पावसाने खडक ओला असेल तर चढायचा आग्रह धरू नका. पहाटे निघायची आमची अट काहींना जाचक वाटते, पण अकराच्या आत खाली उतरलेली माणसं दुपारी गाव आनंदाने फिरतात.

आणि गाव घाईत उरकण्यासारखं नाही. जर्मन सरदारांच्या एका संस्थेने टेक्सासमध्ये वसाहती करायचं ठरवलं. 1845 मध्ये न्यू ब्राउनफेल्स वसलं, आणि तिथून बैलगाड्यांनी निघालेली कुटुंबं मे 1846 मध्ये इथे पोचली. पहिल्या वर्षातच रोगराईने कितीतरी माणसं दगावली. मुलूख कोमान्चे या मूळ अमेरिकी लोकांचा होता. वसाहतीचे प्रमुख जॉन मॉयसेबाख स्वतः त्यांच्या प्रदेशात गेले, बोलणी केली आणि मे 1847 मध्ये करार झाला. तो दोन्ही बाजूंनी पाळला, हे गावकरी आजही अभिमानाने सांगतात. मार्क्टप्लाट्झ चौकातलं शिल्प त्याचंच. ते बघितल्याशिवाय आम्ही गाडी पुढे काढत नाही.

चौकातच अष्टकोनी फेराइन्स किर्शे आहे. मूळ इमारत 1847 ची, सगळ्या पंथांचं एकच प्रार्थनाघर आणि शाळाही. ती 1897 मध्ये पाडली. आज दिसते ती 1930 च्या दशकातली प्रतिकृती. पायोनियर म्युझियममध्ये 'संडे हाउस' जरूर बघा. लांबच्या शेतावरचे शेतकरी शनिवारी बाजाराला आणि रविवारी चर्चला येत, तेव्हा रात्रीपुरती राहायला गावात बांधलेली ही चिमुकली घरं. आमच्या मते अख्ख्या गावात बघण्यासारखी गोष्ट हीच. इतिहासाची आवड असेल तर दुसऱ्या महायुद्धातल्या पॅसिफिक युद्धाचं संग्रहालय आहे. त्या युद्धात अमेरिकेच्या पॅसिफिक आरमाराचे प्रमुख असलेले ॲडमिरल निमित्झ याच गावचे, आणि त्यांच्या आजोबांचं हॉटेल आता त्या संग्रहालयाचाच भाग आहे. मात्र त्याला अर्धा दिवस लागतो, तेव्हा मुक्कामाची सहल घ्या. मुक्काम असला की दुसऱ्या दिवशी कम्फर्ट या गावालाही नेतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूच्या संघराज्याशी एकनिष्ठ राहून मारल्या गेलेल्या जर्मनांचं 1866 चं स्मारक तिथे आहे.

वाइनरी रस्त्यातच लागतात, पण आमच्याकडे त्या परतीच्या वाटेवर, शेवटी. मे ते जुलै रस्त्याकडेला पीच मिळतात, त्यासाठी डिकीत जागा ठेवतो.

मार्चअखेर-एप्रिलमध्ये ब्लूबॉनेट ही निळी रानफुलं फुलतात. त्या शनिवार-रविवारांच्या जागा सगळ्यांत आधी जातात. आई-बाबांची तिकिटं निघाली की लगेच तारीख कळवा. मधल्या वारी येणं जमत असेल तर तसं सांगा, खडकावर गर्दी कमी असते.