अंगोरा ससा : केसांची निगा

लांब केसांच्या पाळीव सशांत अंगोरा हा सर्वांत जुना व प्रमुख गट आहे. त्याचे केस विंचरणे, ठराविक काळाने कातरणे आणि गुंता सोडविणे ही कामे निगेत मोडतात.

अंगोरा हे तुर्कस्तानातील अंकारा शहराचे जुने नाव. सु. १७२३ मध्ये खलाशांनी हे ससे तेथून फ्रान्समधील बोर्दो बंदरात आणले, अशी कथा अनेक ग्रंथांत आढळते. मात्र सर्व पाळीव ससे ज्या रानसशापासून निघाले, तो मूळचा आयबेरियन द्वीपकल्प व दक्षिण फ्रान्समधला. त्यामुळे लांब केस देणारे उत्परिवर्तन (जनुकातील बदल) युरोपातच घडले असावे आणि अंकाऱ्याच्या लांब केसांच्या शेळ्या-मांजरांवरून सशालाही ते नाव मिळाले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हा ससा फ्रान्समध्ये परिचित झाला होता. लांब केसांचा गुणधर्म अप्रभावी (आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा) असून त्याचा संबंध एफजीएफ-५ या जनुकाशी जोडला जातो. केसांची वाढ थांबविण्याचा संकेत हे जनुक देते; त्यात बिघाड असल्यास केस अधिक काळ वाढत राहतात. साध्या सशाचा केस सु. ५ आठवडे वाढतो, तर अंगोराचा सु. १४ आठवडे. म्हणून अंगोरा स्वतःला चाटून एवढे केस स्वच्छ ठेवू शकत नाही. ती जबाबदारी पाळणाऱ्याचीच.

मऊ लोकरीतून वर येणारे लांब, राठ केस म्हणजे राखण केस; ते लोकरीला आधार देतात. ते जास्त असल्याने फ्रेंच अंगोरात गुंता कमी होतो, तर रेशमी केसांच्या इंग्लिश अंगोराला जवळजवळ रोज विंचरावे लागते. जर्मन अंगोराची लोकर आपोआप गळत नसल्याने ती सु. ७५ ते ९० दिवसांनी कातरतात. इतर काही जातींत गळतीच्या काळात सुटलेली लोकर हाताने काढतात. गळती नसताना ती उपटणे क्रूरपणाचे आहे.

गुंता प्रथम कानांमागे, हनुवटीखाली, काखेत, जांघेत व गुदद्वाराभोवती होतो. सशाची कातडी कागदासारखी पातळ असून गुंता ओढला की तीही वर उचलली जाते आणि कात्रीने फाटते. म्हणून केस मुळाशी चिमटीत धरून गुंता आधी बोटांनी उभा फोडावा, मग टोकाकडून थोडाथोडा विंचरावा. घट्ट जट झाली असल्यास ती यंत्राने कातडीलगत भादरणेच बरे. भिजवून सोडवू नये : ओली लोकर नमद्यासारखी (दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडासारखी) आवळते आणि अंघोळीने ससा गारठून दगावू शकतो. तो दचकून लाथा झाडू लागल्यास पाठीचा कणा मोडण्याची भीती असते. त्यामुळे मागचे पाय नेहमी आधार देऊन धरावेत.

सशाला उलटी होत नाही. पोटातील केसांचा गोळा हेच अन्नमार्ग ठप्प होण्याचे मूळ कारण, असे पूर्वी मानले जाई. आता चाऱ्यातील तंतूंची कमतरता, पाणी कमी पडणे किंवा वेदना यांनी आतड्यांची हालचाल मंदावते आणि मग केस साचतात, या मताकडे पशुवैद्यांचा कल आहे. म्हणून सुके गवत भरपूर देणे हाही निगेचाच भाग. विष्ठेने माखलेल्या केसांत माश्या अंडी घालतात व एका दिवसात अळ्या पडू शकतात. उन्हाळ्यात मागची बाजू रोज तपासावी.

भारतात लोकरीसाठी अंगोरापालन मुख्यतः हिमाचल प्रदेश व उत्तराखंडच्या थंड भागांत चालते. उष्ण हवेच्या ठिकाणी केस आखूड ठेवणे हिताचे असते.