ड्रेनेजचं मॅन्युअल वेगळं आणि प्रदूषण मंडळाचं मानक वेगळं

मागच्या पावसाळ्यात इंदूरला आमच्या सुदामा नगरच्या गल्लीत चेंबर चोक झालं, घाण पाणी थेट रस्त्यावर. समोरचे काका तिसऱ्या दिवशी सह्या मागायला आले, अर्ज प्रदूषण मंडळाच्या नावाने आणि आत लिहिलेलं "सीपीएचईईओच्या मानकांचं उल्लंघन". म्हटलं काका, पत्ता एकाचा आणि नियम दुसऱ्याचा झालाय. तर म्हणे, "अरे सरकारी स्टँडर्ड ते स्टँडर्ड, त्यात काय एवढं?"

तर आहे एवढं. सीपीएचईईओ म्हणजे केंद्राच्या शहरी मंत्रालयातली तांत्रिक शाखा, त्यांचं सीवरेजचं मॅन्युअल २०१३ चं, तीन भागांत: बांधायचं कसं, चालवायचं आणि साफ ठेवायचं कसं, आणि कारभार कसा करायचा. लाईनचा उतार एवढा ठेवा की पाणी सेकंदाला निदान ०.६ मीटर वेगाने जाईल आणि गाळ बसणार नाही, ज्या लाईनमध्ये माणूस शिरू शकत नाही तिथे साधारण दर ३० मीटरवर चेंबर हवं, असलं सगळं त्यात. वाचण्यासारखं आहे खरंच, पण तो कायदा नाही, मार्गदर्शन आहे. उतार कमी पडला म्हणून या पुस्तकावरून कुणाला दंड होत नाही. हां, टेंडरमध्ये "मॅन्युअलप्रमाणे काम" असं लिहिलं की मग ते ठेकेदाराच्या गळ्यात पडतं, पण तेही करार म्हणून.

मानक मात्र कायद्यातून येतं. १९७४ चा जल प्रदूषणाचा कायदा, त्याखाली राज्याचं मंडळ, आपलं भोपाळवालं, आणि सांडपाणी नदीनाल्यात सोडायचं तर नगर निगमलासुद्धा त्यांची संमती लागते. पण मंडळ बघतं काय, तर शेवटच्या टोकाला बाहेर पडणारं पाणी. आपल्याकडे कबीटखेडीला २४५ एमएलडीचा, म्हणजे रोज २४५ दशलक्ष लिटर सांडपाणी साफ करणारा मोठा प्लांट आहे, तिथलं पाणी पुढे कान्ह नदीत आणि कान्ह पुढे क्षिप्रेत. त्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते, ते मोजायचं. २०१७ च्या अधिसूचनेत बड्या मेट्रो शहरांना आणि बहुतेक राजधान्यांना लिटरमागे २० मिलिग्रॅम, बाकीच्यांना ३०, मग २०१९ मध्ये एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने, सरळ १० वर आणा म्हणून आदेश दिला. आकडा नाही बसला तर कारवाई होऊ शकते.

आता गंमत बघा, प्लांटचं पाणी एकदम चकाचक असू शकतं आणि त्याच वेळी आपल्या गल्लीतलं चेंबर तुंबून वाहत असू शकतं, दोन्ही एकाच दिवशी. आपल्या दारातून प्लांटपर्यंतच्या पाईपचं काय? तो बांधतो निगम, साफ करतो निगम, आणि तपासतो पण निगमच, मला तरी खरी पोकळी इथेच वाटते. म्हणून चेंबरची तक्रार निगमकडेच करायची, त्यांच्या ३११ ॲपवर फोटो टाकून. २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर झालं, ते या दोन्हींपेक्षा तिसरंच, स्वच्छ भारत मिशनचं प्रमाणपत्र, ते दाखवून पाईप मोकळा होत नाही भिया.

देखभालीत खरा कायदा लागतो तो माणूस आत उतरवण्यावर. २०१३ च्याच हाताने मैला सफाईबंदी कायद्यात सुरक्षेशिवाय कुणाला सीवर किंवा सेप्टिक टँक साफ करायला लावलं तर पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि हे कॉलनीवाल्यांनाही लागू आहे बरं का, "पाचशे देऊन एखाद्याला बोलावून घेऊ" असं आमच्याही ग्रुपवर कुणीतरी टाकलंच होतं, ते लगेच डिलीट करायला लावलं.

काकांनी मग दुसरा अर्ज लिहिला, ॲपवर फोटोही मीच टाकला. जोरात पाणी मारून लाईन मोकळी करणारी जेटिंग मशीन आली, पण पुढचं चेंबरच सापडेना. शेवटी ते निघालं काकांच्याच गेटसमोरच्या पेव्हर ब्लॉकखाली, गाडी लावायला त्यांनीच दोन वर्षांपूर्वी बसवलेल्या.