शिकार, पाणी आणि देव: कोकणातली जंगलं कशी उरली

फणसाड अभयारण्यात सुपेगावच्या बाजूने शिरलं की गाणींची नावं कानावर पडू लागतात. चिखलगाण, फणसाडगाण, धरणाची गाण. गाण म्हणजे रानातला पाणवठा. वैशाखात ओढे आटले की सगळं रान या गाणींवर येतं, आणि म्हणून बुद्धपौर्णिमेच्या रात्री जनावरांची मोजदाद करायला माणसं पाणवठ्याकाठच्या मचाणावर बसतात. सांबर, भेकर, रानडुक्कर दिसतात. नशीब बरं असेल तर पिसोरी, म्हणजे सशाएवढं हरीण, फारच बरं असेल तर बिबट्या. पाण्याकाठी दबा धरून बसायची ही रीत मात्र मूळची शिकाऱ्यांची. आज जिथे आपण कॅमेरा सरसावून बसतो, ते मुरूड-जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं शिकारीचं राखीव रान होतं. केसोलीचं जंगल म्हणत त्याला.

नवाबांना झाडांचा कळवळा होता असं कुणी म्हणणार नाही. पण शिकारीला जनावर लागतं, जनावराला आडोसा लागतो, आडोशाला झाडं लागतात. एवढ्या साध्या हिशेबावर हे रान टिकलं. आजूबाजूच्या डोंगरांना असा धनी नव्हता. त्यांची लाकडं कोळशाच्या भट्ट्यांत गेली, जळणाला गेली. १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन झालं आणि २५ फेब्रुवारी १९८६ रोजी इथे अभयारण्य जाहीर झालं. आजचा विस्तार सुमारे ७० चौरस किलोमीटर. मुरूडहून निघताना नवाबाचा राजवाडा रस्त्यावरून दिसतो, तो बघून मग रानात जावं. क्रम असा ठेवला की गोष्ट नीट लागते.

आत बघण्यासारखं काय, तर आधी गारंबीचा वेल. मांडीएवढ्या जाडीचा, या झाडावरून त्या झाडावर गेलेला, आणि त्याला दीड-दोन हात लांबीच्या शेंगा. मग शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तो जमिनीवर क्वचितच उतरतो, फांदीवरून फांदीवर जातो. त्यामुळे झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असणं ही त्याची गरज. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने नेमकं तिथेच घाव घातला. वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि फणसाडमधली जुनी झाडं मुळासकट आडवी झाली. अजून काही ठिकाणी डोक्यावर मोकळं आभाळ दिसतं. सहलीला आलेल्यांना तिथे ‘छान उजेड’ वाटतो. शेकराच्या वाटेत तो खड्डा असतो.

उत्तरेला, साष्टीतल्या जंगलाची गोष्ट पाण्याची. बोरिवलीचं हे रान आधी कृष्णगिरी उपवन होतं, पुढे राष्ट्रीय उद्यान झालं आणि संजय गांधींचं नाव त्याला नंतर लागलं. पण कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर, हे नाव फार जुनं. कान्हेरी त्यावरूनच आलं. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंनी इथे लेणी खोदायला घेतली तेव्हा पाण्याची सोयही खडकातच केली. शंभराहून अधिक लेण्यांमधून हिंडताना पर्यटक तिसऱ्या लेण्यातल्या चैत्यगृहात फोटो काढतात आणि परततात. माझ्या मते खरी करामत दाराशेजारच्या पोढ्यांत आहे. पोढी म्हणजे कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं. पावसाचं पाणी बारीक पन्हळींतून त्यात कसं उतरवलंय, हे भर पावसात जाऊन बघावं.

पुढे तीच युक्ती इंग्रजांनी मोठ्या प्रमाणावर केली. मुंबईला पाणी पुरेना म्हणून विहार तलाव बांधला, तो १८६० मध्ये पुरा झाला. तुळशी १८७९ मध्ये. शहराच्या पिण्याच्या पाण्याचे तलाव म्हटल्यावर त्यांच्या पाणलोटावर वस्ती होऊ देता येईना, आणि त्या पाणलोटाभोवती आजचं शंभरेक चौरस किलोमीटरचं उद्यान उभं राहिलं. नळ आधी आला, बिबट्या त्याच्या आडोशाने राहिला.

कर्नाळ्याचं थोडक्यात: राज्यातलं पहिलं पक्षी अभयारण्य, १९६८ चं. किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका मुंबई-गोवा महामार्गावरून दिसतो, म्हणून गर्दीही तिथेच.

दक्षिणेकडे मामला वेगळा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात सरकारी राखीव जंगल फार थोडं, बहुतेक रान खासगी मालकीचं. तिथे ना नवाब आडवा आला ना नगरपालिकेचा तलाव. तिथे राखणदार म्हणजे देव. देवाच्या नावाने राखलेल्या अशा रानाला रत्नागिरीकडे देवरहाटी म्हणतात, तळकोकणात राई. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवराया अभ्यासकांच्या नजरेत आणल्या. गावाला त्या ठाऊक होत्याच. पायताण बाहेर काढायचं, वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, झाड तोडायचं तर आधी देवाला कौल लावायचा, म्हणजे त्याची परवानगी मागायची; उजवा कौल म्हणजे होकार. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डेच्या राईत अशा धाकानेच रानजायफळांची दलदल टिकली. चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं, त्यातून झुळझुळणारं पाणी. असं रान कर्नाटक, केरळ, गोव्यातच आहे असं पूर्वी मानलं जाई.

अलीकडे राईत जुनं कौलारू देऊळ उतरवून स्लॅबचं बांधायची हौस वाढली आहे. मुंबईकर चाकरमानी वर्गणी काढतात, सभामंडपाला जागा लागते, चार झाडं आड येतात. तेव्हाही कौल लावतातच, आणि देव बहुधा उजवा देतो.