अंगठ्याआधीचा अर्धा तास

रक्त घेतलं सकाळी आठला, संमतीपत्रावर सही झाली साडेदहाला. औषधाच्या ट्रायलची फाइल तपासणारा माणूस सगळ्यात आधी या दोन वेळा ताडून पाहतो. रक्त नेहमीच्या उपचारासाठी घेतलं असेल तर हरकत नाही. ते फक्त ट्रायलसाठी घेतलं असेल, तर त्या माणसाला न विचारताच त्याच्यावर प्रयोग सुरू झाला होता. मागाहून घेतलेल्या सहीने तो दोष धुऊन निघत नाही.

इंदूरकरांनी हा विषय जवळून पाहिला आहे. इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये औषधांच्या ट्रायलमधल्या गैरप्रकारांबद्दल सर्वोच्च न्यायालयात याचिका लावली. पुढच्याच वर्षी एथिक्स कमिट्यांची, म्हणजे ट्रायलला मंजुरी देणाऱ्या आणि तिच्यावर नजर ठेवणाऱ्या समित्यांची, नोंदणी सक्तीची झाली, इजा वा मृत्यू झाल्यास भरपाई देण्याचा नियम आला आणि संमती घेतानाचं चित्रीकरण करण्याचा आदेश निघाला. २०१९ च्या नियमांनुसार हे चित्रीकरण नव्या रेणूच्या, म्हणजे अगदी नव्या औषधी द्रव्याच्या ट्रायलमध्ये, दुर्बल गटातल्या माणसांची संमती घेताना लागतं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी मात्र फक्त आवाज रेकॉर्ड करतात.

पण कॅमेरा लावला म्हणजे समजलं असं होत नाही. इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या आजी बाजारात फर्डी हिंदी बोलतात, घरात मराठी. त्यांच्या हातात येणाऱ्या हिंदी कागदावर शब्द असतो ‘यादृच्छिक’. त्या मान डोलावतात. समजावणाऱ्याने इथे थांबून साधं सांगायला हवं: दोन डब्यांत दोन गोळ्या आहेत, एकीत नवं औषध आहे, दुसरीत औषध नाही. तुम्हाला कोणती मिळेल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. ते डॉक्टर ठरवत नाहीत, बऱ्याचदा त्यांना माहीतही नसतं.

मग ‘समजलं का?’ असं विचारू नये, कारण त्याचं उत्तर ‘हो’ हेच येतं. आजींना त्यांच्या शब्दांत सांगायला लावावं. गोळी कोणती, हे कोण ठरवणार? ट्रायल मधेच सोडली तर काय होईल? रात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा? पहिल्या प्रश्नाला ‘डॉक्टरसाहेब माझ्या भल्याची तीच देतील’ असं उत्तर आलं, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. प्रयोगालाच उपचार समजणं ही चूक शिकलेली माणसंही करतात आणि संमती सगळ्यात जास्त वेळा इथेच पोकळ ठरते. हे बोलणं नीट केलं तर अर्धा तास सहज जातो. ओपीडीच्या गर्दीत तेवढा वेळ काढणं कठीण आहे, हे खरं. तरीही त्याला पर्याय नाही.

वाचता येत नसेल तर अंगठा चालतो, पण ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिथे हजर हवा. ट्रायलच्याच टीममधल्या नर्सला शेवटच्या पाच मिनिटांत बोलावून सही घेणं ही नेहमीची पळवाट आहे. ट्रायलचं रोजचं काम पाहणाऱ्या कोऑर्डिनेटरने स्वतःच्या हाताने रुग्णाच्या सहीखाली तारीख टाकणं, किंवा कमिटीने संमतीपत्राचा नवा मसुदा मंजूर केल्यावरही जुन्याच आवृत्तीवर सही घेणं, या चुकाही फायलींत सापडतात. फॉर्मवर उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारतात तेव्हा लोक बिचकतात. वारसाचं नाव भरपाईच्या वेळी लागतं, म्हणून ती जागा रिकामी सोडू नये.

एथिक्स कमिटीत किमान सात जण लागतात. निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा, आणि एक जण अगदी सामान्य नागरिक. त्या सामान्य सदस्याने ‘हे वाक्य मला कळलं नाही’ म्हणणं आमच्या मते साऱ्या बैठकीतलं सगळ्यात मोलाचं काम आहे. ट्रायलमध्ये कोणाला गंभीर इजा झाली, तर २४ तासांत कमिटीला, प्रायोजकाला (ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीला किंवा संस्थेला) आणि केंद्रीय औषध नियंत्रकाला कळवावं लागतं. त्या इजेचा उपचारही मोफत करावा लागतो.

एवढी खबरदारी कशाला, असं वाटत असेल तर अमेरिकेतलं टस्कीगी आठवावं. १९३२ ते १९७२ या काळात तिथे सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर पाळत ठेवली गेली. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. १९४० च्या दशकात पेनिसिलीन हाताशी आलं, तरी ते त्यांना दिलं नाही आणि खरा आजारही सांगितला नाही. त्यांना वाटत होतं, आपल्यावर उपचार चालू आहेत.

घरातल्या कोणाला ट्रायलसाठी विचारलं, तर माहितीपत्रक आधी एक रात्र घरी आणावं. सही झाल्यावर सही केलेली प्रत मागून घ्यावी, तो हक्कच आहे. पत्रकावर डॉक्टरांचा आणि एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो. सही करायच्या आधी दोन्ही एकदा लावून पाहावेत.