पणजोबा हंगेरीचे, दाखला युक्रेनमध्ये

वंशाच्या आधारे हंगेरियन नागरिकत्व मागणाऱ्यांना कागदपत्रांचा जो त्रास होतो, त्याचं खापर सहसा कारकुनांवर फुटतं. खरं मूळ शंभर वर्षं मागे आहे.

पहिल्या महायुद्धानंतरच्या, ४ जून १९२० च्या ट्रियानॉन तहाने हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश भूभाग शेजारी देशांकडे गेला आणि तीसेक लाख हंगेरियन माणसं घर न सोडता परदेशी झाली. आज युक्रेनमध्ये असलेलं उझहोरोद, तेव्हाचं उंगवार, पाहा. ऑस्ट्रिया-हंगेरीतलं हे गाव पहिल्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियात गेलं, १९३८ मध्ये पुन्हा हंगेरीत आलं, दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघात गेलं आणि १९९१ पासून युक्रेनमध्ये आहे. एकाच कुटुंबाचे जन्म, लग्न आणि मृत्यूचे दाखले मग तीन भाषांत निघतात. एकात इश्तवान असलेला माणूस दुसऱ्यात श्टेफान होतो, आणि दोघे एकच हे सिद्ध करायचं नातवाने! सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली १ ऑक्टोबर १८९५ ला. पूर्वज त्याआधी जन्मलेला असेल, तर चर्चच्या किंवा सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) वह्या धुंडाळाव्या लागतात.

अमेरिकेला गेलेल्यांच्या वंशजांची अडचण वेगळी. १८७९ च्या कायद्यानुसार, वकिलातीत नोंद न करता सलग दहा वर्षं परदेशात राहिलेल्याचं नागरिकत्व जात असे. हा नियम १९२९ पर्यंत टिकला. खाणीत नाहीतर पोलाद कारखान्यात राबणाऱ्या मजुराला त्याची खबर तरी कुठून असणार? शिवाय परदेशी माणसाशी लग्न केलेल्या हंगेरियन आईकडून मुलांना नागरिकत्व मिळण्याची सोय १ ऑक्टोबर १९५७ पासूनची. त्याआधीच्या मुलांवर हा सरळ अन्याय होता.

२०१० मध्ये संसदेने कायदा बदलला आणि १ जानेवारी २०११ पासून हंगेरीत राहण्याची अट न घालता नागरिकत्व मिळू लागलं. २०१७ अखेरपर्यंत दहा लाख लोकांना ते मिळालं. पण या वाटेने जायचं तर हंगेरियन बोलता यायला हवी. ज्याच्या घराण्यात नागरिकत्व कधी खंडितच झालं नाही, त्याला भाषेची अट नाही, मात्र पिढ्यांची साखळी कागदावर अखंड दाखवावी लागते. सीमा हलवल्या सरकारांनी, साखळी जुळवायची मात्र वंशजांनी. निदान ज्या दप्तरांच्या चाव्या आज हंगेरीच्याच हाती आहेत, तिथले दाखले तरी सरकारने स्वतः काढून द्यावेत.